जागतिक बँकेची गरिबी मोजायची वेबसाइट: भारी आहे, पण उत्पन्न की खर्च ते आधी पाहा

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, त्यांना अर्थशास्त्र शिकवताना मी जागतिक बँकेचा 'पॉव्हर्टी अँड इनइक्वॅलिटी प्लॅटफॉर्म' वापरतो. फुकट आहे, दीडशेच्या वर देशांचा डेटा आहे, 2022 मध्ये बँकेच्याच जुन्या पोव्हकॅलनेट साइटच्या जागी हे आलं. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

सगळ्यात भारी काय, तर दारिद्र्यरेषा आपल्याला स्वतः टाकता येते. बँकेची अतिगरिबीची रेषा दिवसाला 3 डॉलर आहे, जून 2025 मध्ये 2.15 वरून वाढवली, पण सापेक्ष गरिबी पाहायची असंल तर देश निवडायचा, तिथला मध्यक (अर्धे लोक ज्याच्या वर अन् अर्धे खाली, तो मधला आकडा) घ्यायचा, त्याचा अर्धा आकडा रेषा म्हणून टाकायचा, की आपल्याच देशातल्या मधल्या माणसाच्या फार मागं किती टक्के लोक राहिले ते समोर येतं. ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, हेच 50 टक्के धरते, युरोपवाले 60. ओईसीडीच्या मोजमापात अमेरिका 18 टक्क्यांच्या आसपास अन् चेक प्रजासत्ताक 6 च्या आसपास, हे पाहून पोरं चाट पडतात, कारण त्यांच्या डोक्यात अमेरिका म्हणजे श्रीमंत एवढंच असतं. विदर्भातल्या माणसाला खरं तर हे लवकर समजते, राज्यातला प्रादेशिक असमतोल पाहणाऱ्या दांडेकर समितीनं 1984 मध्ये आपला अनुशेष (विकासातली राहिलेली तूट) राज्याच्या सरासरीशी तुलना करूनच काढला होता ना.

आता एक स्टार कुठं गेला ते सांगतो. काही देशांचा आकडा उत्पन्नावरून काढलेला असतो, काहींचा खर्चावरून. भारताचा खर्चावरून आहे. साइटवर तसं लिहिलेलं असते, पण बारीक, आणि लोक वाचत नाहीत. 2025 मध्ये भारताचा गिनी (विषमतेचा आकडा, जितका कमी तितकी समानता) 25.5 पाहून 'जगातला चौथा सगळ्यात समान देश' अशा बातम्या आल्या, त्यात आपला खर्चाचा आकडा दुसऱ्यांच्या उत्पन्नाच्या आकड्याशेजारी ठेवला होता राजेहो! खर्चात फरक बहुतेक वेळा कमीच दिसतो, कारण पैसेवाला सगळं खर्च करत नाही अन् गरीब कर्ज काढून खातो.

आपल्या गावातच पाहा. पैसा येतो कापूस विकल्यावर, पण घर बारा महिने चालवा लागते, किराणा उधारीवर, बियाणं-खत कृषी केंद्राच्या उधारीवर, वरून सोसायटीचं पीककर्ज. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हाही तेल-मीठ तर आणाच लागलं. खर्चाच्या आकड्यात हे घर ठीकठाक दिसते, त्याच्यामागचं कर्ज दिसतच नाही. उत्पन्न मोजलं असतं तर त्या वर्षी कितीतरी घरं शून्याच्या खाली गेली असती.

अजून एक, अख्खा देश खाली बसला तर मध्यकही खाली येतो अन् सापेक्ष गरिबी कमी झाल्यासारखी वाटू शकते, माणूस मात्र उपाशीच. म्हणून एकटं 50 टक्क्यांचं गणित करू नका, 3 डॉलरवालं शेजारी ठेवा. साइटवर 'सोसायटल पॉव्हर्टी लाइन' पण आहे, त्यात मध्यकाच्या अर्ध्यात एक ठरलेली रक्कम मिळवतात आणि रेषा 3 डॉलरच्या खाली जाऊ देत नाहीत, गरीब देशांसाठी मला तीच जास्त बरोबर वाटते.

भारताचा जुना-नवा आकडा जोडून चढउतार काढत असाल तर सांभाळून. 2011-12 नंतरचा जाहीर झालेला खर्चाचा सर्वे थेट 2022-23 चा, मधला 2017-18 चा सरकारनं जाहीरच केला नाही, आणि प्रश्न विचारायची पद्धतही बदलली.

बाकी, ग्रामीण-शहरी वेगळं पाहता येते, पण यवतमाळ नि पुणे वेगळं काढता येत नाही, त्याचं वाईट वाटते. मराठी पण नाही. आणि एक सुधारणा तर व्हायलाच पाहिजे: उत्पन्नवाला देश अन् खर्चवाला देश शेजारी निवडला की मोठ्या लाल अक्षरात सूचना यावी.