अलेप्पीची हाउसबोट: पैसे कशाचे मोजायचे आणि कशाचे नाही

केरळातल्या अलेप्पीला ज्याला हाउसबोटीची एक रात्र म्हणतात, ती प्रत्यक्षात दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९ अशी असते. त्यात बोट चालते ती जेमतेम पाच तास. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती काठाला बांधावीच लागते, कारण रात्री वेंबनाड तलावाच्या पाण्यात मच्छीमारांची जाळी पडतात. रात्रभर चांदण्यातून बोट चालत राहील या समजुतीने आलेला ग्रुप हमखास हिरमुसतो. यात मालकाची लबाडी नाही, नियमच तसा आहे. म्हणून दुपारी बोट कुठून फिरणार आणि रात्री कुठे थांबणार, या दोन गोष्टींवर सगळी मजा ठरते. बुकिंग करताना मात्र घासाघीस चालते ती टीव्ही आणि एसीवर.

नेहरू ट्रॉफीच्या होड्यांच्या शर्यती जिथे संपतात त्या फिनिशिंग पॉइंटवरून बहुतेक बोटी सुटतात, पुन्नमडातून मोठ्या तलावात जातात आणि एक चक्कर मारून परततात. शनिवार-रविवारी तिथे बोटींची रांगच लागते. शिवाय मोकळ्या तलावात चहूकडे पाणीच पाणी, अर्ध्या तासानंतर बघण्यासारखं काही उरत नाही. खरा ऐवज आहे कैनकरी, नेडुमुडी, आर ब्लॉक या बाजूला. इथली कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीपेक्षा एक ते तीन मीटर खाली आहे. बोटीच्या डेकवर उभं राहिलं की एका बाजूला पाणी, मध्ये मातीचा बांध आणि पलीकडे पाण्याच्या पातळीहून खोल हिरवीगार खाचरं दिसतात. खाचरातलं पाणी पंपाने उपसून पुन्हा बाहेर टाकलेलं दिसतं. हे दृश्य भारतात दुसरीकडे सहज मिळत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी मार्ग गावांच्या नावांसकट व्हॉट्सॅपवर लिहून घ्या. 'फुल बॅकवॉटर क्रूझ' या शब्दांना काही अर्थ नाही.

हाउसबोट अरुंद कालव्यात शिरू शकत नाही, कितीही आश्वासनं दिली तरी. कालवे बघायचे तर लहान होडी किंवा शिकारा वेगळा ठरवावा लागतो. त्यासाठी सकाळी सहा-साडेसहाची वेळ उत्तम. तोवर मोठ्या बोटी बांधलेल्याच असतात, आवाज नसतो आणि आठला नाश्त्यापर्यंत परत येता येतं. चार-पाच तासांच्या मोठ्या फेरीपेक्षा हा तास-दीड तास जास्त लक्षात राहतो, असं आमचं ठाम मत आहे.

आता रात्रीचा मुक्काम. साध्या आणि डीलक्स बोटींत एसी बहुधा रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच चालतो. दुपारीही हवा असेल तर प्रीमियम वर्ग घ्यावा लागतो. मार्च ते मे या महिन्यांत तो जादा खर्च वसूल होतो, डिसेंबर-जानेवारीत तितकासा नाही, कारण बोट चालू असताना डेकवर वारा असतोच. अडचण असते ती विजेची. जिथे काठावरून विजेची जोडणी आहे तिथे रात्र शांत जाते. जिथे नाही तिथे जनरेटर रात्रभर धडधडतो, आणि दहा बोटी शेजारीशेजारी बांधल्या असतील तर तुमचा बंद असला तरी शेजारच्याचा धूर खिडकीतून आत येतो. म्हणून काठावर वीज आहे का, आजूबाजूला किती बोटी असतात आणि तुमची खोली जनरेटरपासून किती लांब आहे, हे तिन्ही प्रश्न विचाराच. संध्याकाळी दिवे लागले की डास आणि पाणकिडे येतात. खोलीची दारं-खिडक्या सहाच्या आत बंद करायच्या आणि ओडोमॉस सोबत ठेवायचं.

जेवण ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. दुपारी जाड लाल मट्टा भात, सांबार, थोरन आणि अवियल या खोबऱ्याच्या भाज्या, पापड आणि माणशी एक तळलेला करीमीन मासा. करीमीनला काटे बरेच, पण चव अप्रतिम. चार वाजता चहाबरोबर पळमपोरी, म्हणजे पिकलेल्या केळ्याची भजी. स्वयंपाक खोबरेल तेलात होतो. ज्यांना तो वास चालत नाही त्यांनी आदल्या दिवशीच सांगावं, बोट सुटल्यावर दुसरं तेल मिळत नाही. माशाच्या लाल कालवणात कुडमपुळी असते, ती आपल्या कोकमाच्याच कुळातली. त्यामुळे कोकणी जिभेला ते कालवण लगेच आपलंसं वाटतं. रात्रीच्या पोळी-चिकनऐवजी हेच मागा, उत्तर भारतीय पद्धतीची ग्रेव्ही इथे बेताचीच होते.

वाटेत बोट मासळीच्या एखाद्या दुकानाशी थांबते. तिथली निळ्या नांग्यांची गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी दिसायला देखणी, पण डोकं आणि नांग्या काढल्या की जवळपास निम्मं वजन गेलेलं असतं. भाव किलोचा की नगाचा, वजन तुमच्यासमोर होणार का आणि शिजवण्याचे वेगळे पैसे किती, हे आधी ठरवा. न घेतली तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. दारू बोटीवर मिळेल असं धरून चालू नका. दर महिन्याच्या १ तारखेला केरळात दारूची सरकारी दुकानं बंद असतात, तुमचा शनिवार त्याच दिवशी येतो का बघा.

आठ जणांच्या ग्रुपने चार खोल्यांची एकच बोट घ्यावी. दोन बोटी घेतल्या की रात्री त्या एकाच ठिकाणी बांधल्या जातील याची खात्री नसते. वरचा डेक असलेली बोट मिळाली तर सोडू नका, बांधापलीकडची शेतं तिथूनच नीट दिसतात. चढण्यापूर्वी केआयव्ही (KIV) या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक, माणसांइतकी लाइफ जॅकेट आणि स्वयंपाकघराजवळचं अग्निशामक यंत्र बघून घ्या. केरळ पर्यटन खात्याचं गोल्ड किंवा सिल्व्हर स्टार वर्गीकरण असेल तर चांगलंच. ग्रीन पाम प्रमाणपत्र असेल तर पर्यावरणाची बाजूही तपासलेली असते, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण संडासाचं पाणी तलावात सोडणाऱ्या बोटींनीही वेंबनाडचे हाल केले आहेत. २००२ पासून हा तलाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

हंगामाबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून वेंबनाडवरच्या तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत बंद असतात. पाणी तुंबतं, जलपर्णी माजते आणि ती पंख्यात अडकली की बोट मध्येच थांबवून काढावी लागते. हवा आणि पाणी दोन्ही चांगलं हवं असेल तर नोव्हेंबर सर्वांत बरा. नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळाच, भाव चढलेले आणि काठावर जागा नाही. पावसाळ्यात दर उतरतात, पण अतिवृष्टीचा इशारा आला की प्रशासन बोटी थांबवतं, तेव्हा पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या.

मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस थेट अलेप्पीला नेते, पण शनिवार-रविवारात ती बसत नाही. विमानाने यायचं तर कोची विमानतळापासून ८० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. वाटेतला राष्ट्रीय महामार्ग ६६ म्हणजे पनवेलहून निघणाराच रस्ता, आणि अरूर ते तुरवूर या टप्प्यात उड्डाणमार्गाच्या कामामुळे तो तुंबतो. काम पूर्ण होईपर्यंत तीन तास धरा. म्हणजे शनिवारी आठच्या आत उतरायला हवं आणि रविवारचं परतीचं विमान दुपारी तीनच्या आधीचं नको.