गॅलरीत बाक ठेवायचे की सुट्या खुर्च्या बसवायच्या?

आमच्या गावातल्या मैदानाच्या गॅलरीवर समितीत बराच खल झाला आणि शेवटी निम्म्याहून अधिक बाक काढून तिथे सुट्या खुर्च्या आल्या. तुमच्याकडेही हाच विषय निघाला असेल, तर आमचा अनुभव कदाचित कामी येईल.

बाकांची बाजू लंगडी आहे असं मी म्हणणार नाही. कबड्डीच्या फायनलला चौघांच्या जागेत पाच जण बसतात, लेकरं मांडीवर येतात, कुणाला परत पाठवावं लागत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, ती मुख्यतः बाकांच्याच जोरावर. उलट २०११च्या विश्वचषकाआधी वानखेडेचं नूतनीकरण झालं, तेव्हा सुमारे ४५ हजारांची क्षमता ३३ हजारांवर आली. ईडन गार्डन्सही तेव्हाच लाखाच्या घरातून ७० हजारांच्या आत आलं. त्याला इतरही कारणं होती, पण माणशी जागा आखून दिली की आकडा उतरणारच. तिकिटाच्या पैशांवर मैदान चालत असेल तर हा हिशेब आधी करा.

माझं मत फिरलं ते बुटांमुळे. बाक असले की लोक जिन्याकडे फिरकतच नाहीत. चहाला निघालेला माणूस सरळ बाकावर पाय देत खाली उतरतो आणि त्याच वाटेने वर येतो. मागच्या रांगेतला तुमच्या शेजारी बाकावर पाय टेकवून बसतो. पावसाळ्यातल्या फुटबॉल सामन्यांना तर लाल चिखलाचे ठसे ओळीने उमटलेले असायचे. बायका पिशवीतून वर्तमानपत्र काढून अंथरायच्या, मगच बसायच्या. डाव संपला की पुन्हा पुसा, पुन्हा बसा. रोज झाडणाऱ्या मावशी हे सगळं ओल्या फडक्याने निपटायच्या, ते बघवत नसे.

माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या बसवल्यावर हे जवळजवळ थांबलं. मिटलेल्या खुर्चीवर पाय देता येत नाही आणि रांगेतून चालायला वाटही मोकळी होते. सामान ठेवून जागा अडवणं, ‘जरा सरका हो’ची कुरबुर, तीही कमी झाली. सगळीकडे असंच होईल असं नाही, पण आमच्याकडे झालं.

मात्र पायरीची खोली आधी बघा. जुनी पायरी अरुंद असेल तर पाठीच्या खुर्चीत गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात. तिथे बिनपाठीचीच बरी. खुर्ची पायरीच्या उभ्या बाजूला बोल्टने बसवून घ्या, म्हणजे खालून झाडू फिरतो. न मिटणारी घेतलीत तर बुडाला पाणी जायला भोक हवंच, नाहीतर सरीनंतर प्रत्येक खुर्चीत डबकं. स्वस्त प्लॅस्टिक उन्हाने विटतं आणि त्याची भुकटी कपड्यांना लागते. उन्हात टिकण्याची हमी पुरवठादाराकडून लेखी घ्या.

दुपारभर ऊन खाणाऱ्या पूर्वेच्या गॅलरीत आम्ही तूर्त बाकच ठेवलेत. तिथे गर्दी मोठ्या सामन्यांनाच होते. पैसे थोडे असतील तर पॅव्हेलियनलगतच्या, रोज भरणाऱ्या रांगांपासून खुर्च्यांना सुरुवात करा.