सहाचा नऊ झाला तरी चार स्टार

राजवाड्याजवळच्या दुकानातून दक्षिण आफ्रिकेची हिरवी रग्बी जर्सी घेतली आणि पाठीवर ६ नंबर छापायला सांगितला. १९९५ च्या वर्ल्ड कप फायनलला मंडेला कॅप्टन फ्रान्स्वा पिनारचा हाच ६ नंबर घालून आले होते. त्याआधीचे दोन वर्ल्ड कप वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला खेळताच आले नव्हते.

चार दिवसांनी जर्सी हातात आली, तर पाठीवर ९! नंबर उलटा चिकटवलेला. मालक शांतपणे म्हणाले, "भिया, उल्टे खड़े हो जाओ." चिडलोच. मग आठवलं, त्या फायनलला ९ नंबर योस्ट फान डर वेस्टहाइझनचा होता, न्यूझीलंडच्या लोमूसारख्या रेड्याला आडवा करणारा. राहू दिली.

कापड जाड आहे, शिवण दुहेरी. आठ धुण्यांत रंग गेला नाही, नऊची शेपटी मात्र सुटतेय. २०१५ ला जपानकडून ३४-३२, २०१७ ला न्यूझीलंडकडून ५७-० असा मार खाऊन २०१९ आणि २०२३ चे कप जिंकणाऱ्या संघाची जर्सी आहे, एवढं चालायचंच. २०२३ ची फायनल रात्री साडेबाराला सुरू झाली, १२-११ ने संपली. सकाळी हीच घालून पोहे खायला गेलो. पोहेवाल्याने विचारलं, "पाकिस्तान की है क्या?"

एक स्टार कापला, नंबरसाठी.