एक्स्पायर डोमेन (मुदत संपलेला वेबसाइटचा पत्ता) पकडून देणारी सर्व्हिस वापरली, ३ स्टार

नाव घेत नाही, पण एका बॅकऑर्डर सर्व्हिसवर (सुटणाऱ्या डोमेनसाठी आधीच नंबर लावायचा) एक डॉट कॉम डोमेन लावलं होतं आणि पकडून दिलं त्यांनी, इथवर तक्रार नाही. डोमेन एक्स्पायर झालं की लगेच सुटतं असं नसतं हो, रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) ते ४५ दिवसांपर्यंत ठेवू शकतो (बरेचदा मधेच लिलावात काढतात), मग ३० दिवस रिडेम्प्शन (सोडवून घ्यायची मुदत), त्यात जुना मालक जादा पैसे भरून परत नेऊ शकतो, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (नोंद पुसली जायची वाट), आणि सुटलं की बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) झडपच घालतात, आपण रिफ्रेश मारत बसून काही हाती लागत नाही.

आता खटकलेलं. लिस्टिंगवर "भरपूर बॅकलिंक, रँकिंग तयार" असं ठोकून दिलेलं (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंक). वेबॅक मशीनवर (साइटच्या जुन्या प्रती दाखवणारी साइट) पाहिलं तर आधी बागकामाची साइट आणि नंतर सगळी कॅसिनोची पानं! चूक माझीच, आधी बघायला हवं होतं. शिवाय मार्च २०२४ पासून गूगलने जुन्या डोमेनच्या पुण्याईवर फालतू कंटेंट चढवणं सरळ स्पॅममध्ये धरलंय.

सपोर्टवाला वर डॉट कॉमला रँकिंग जास्त मिळतं म्हणून गळ्यात मारत होता. काहीही! गूगलच्या म्हणण्यानुसार डॉट कॉम काय नि डॉट शॉप काय, सारखंच, फक्त डॉट डीई, डॉट एफआर असली देशांची एक्स्टेन्शन म्हणजे साइट त्या त्या देशासाठी आहे असा इशारा धरतात, डॉट आयओ, डॉट टीव्ही मात्र जनरलमध्येच मोजतात. डॉट कॉम लोकांच्या लक्षात राहतं, तेवढ्यासाठी घ्या.

रिफंड मागितला, अजून उत्तर नाही.