स्टोरीवीव्हर वापरून बघितलं: आई मराठीत वाचते, अच्छा मल्याळममध्ये

स्टोरीवीव्हर म्हणजे लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची वेबसाइट. रेटिंग 5 पैकी 4.

नेरुळला राहतो आम्ही, मी मराठी, नवरा मल्याळी, आपसात हिंदी. मुलगा साडेतीन वर्षांचा. तो बाबाला 'अच्छा' म्हणतो, मल्याळममध्ये बाबांना तशीच हाक मारतात, पण माझ्या आईला कितीतरी दिवस वाटायचं की पोरगं नुसतं अच्छा अच्छा करतंय 😄

तर झालं काय, प्लेग्रुपच्या टीचर म्हणाल्या घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मूल कन्फ्यूज होतं. मी पण येडी, पंधरा दिवस 'कम बेटा, ईट वरणभात' करत बसले, आणि राग आला की तोंडातून मराठीच! शेवटी डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा. मग ठरवलं, मी मराठी, अच्छा मल्याळम. एक माणूस एक भाषा, ही आयडिया जुनीच आहे म्हणे, 1913 मध्ये रोंजा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने स्वतःच्या मुलाबद्दल लिहून ठेवलंय, बाप फ्रेंच बोलायचा आई जर्मन.

पण बोलणार काय? 'जेव, झोप, पडशील' याच्यापुढे आमची गाडी जाईना. तेव्हा स्टोरीवीव्हर सापडलं. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं आहे, 2015 पासून, पूर्ण फ्री. तीच गोष्ट तीच चित्रं मराठीत पण आणि मल्याळममध्ये पण (सगळ्याच नाही, शोधावं लागतं). दुपारी मी वाचते, रात्री अच्छा. नवरा वाढला डोंबिवलीत, मल्याळम लिपी अडखळत वाचतो, त्यामुळे लेव्हल 1 (सगळ्यात सोप्या गोष्टी) बापलेक दोघांनाही बरोब्बर लेव्हलची पडते. आणि पोरगं आता 'आई वरण वेंडा' म्हणतं, वेंडा म्हणजे नको. मला तर भारीच वाटतं.

भाषांतर तिथे कुणीही करून टाकू शकतं, म्हणून आधी स्वतः एकदा वाचून घ्या. एक स्टार कापला तो फोनपायी, त्यात त्यांचा काही दोष नाही, पण फोन हातात दिसला की याला यूट्यूबच हवं. म्हणून पीडीएफ डाउनलोड करून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढते आणि स्टेपल मारते. ब्लॅक अँड व्हाइट मात्र काढू नका, पैसे वाचतात पण चिरंजीव नाक मुरडतात.