रात्रीचं भजन, मौनाचं शिबिर की संध्याकाळचा हरिपाठ?

माळ घालू की ध्यान शिकू, असं विचारणारी माणसं आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात दोन प्रकारची आहेत. एक निवृत्त झालेली, पोरं मार्गी लागलेली. त्यांना मी काय सांगणार, त्यांनी मनाला येईल ते धरावं. दुसरी चाळिशी-पन्नाशीतली. उद्यमबागेतल्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट, गोठ्यात दोन म्हशी, आईला रोजच्या गोळ्या, पोरगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला. हे लिहिणं त्यांच्यासाठी, कारण मी त्यांच्यातलाच. रात्रीचं भजनी मंडळ, दहा दिवसांचं मौनाचं शिबिर आणि देवळातला संध्याकाळचा हरिपाठ हे तिन्ही मी आत बसून पाहिलं आहे. तिन्ही चांगलं आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको.

हरिपाठात काय म्हणतात, शिबिरात काय शिकवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडून देतो.

आधी रात्रीचं भजन. गोडीच्या बाबतीत त्याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. रूपाच्या अभंगाला सगळे एका सुरात आले, पखवाजानं पहिली थाप दिली की फाउंड्रीतली दिवसभराची भट्टी अंगावरून उतरते. आमच्या सीमेवरच्या देवळात आणखी एक मजा आहे. मध्येच शेजारचा कानडी गडी पुरंदरदासांचं पद उचलतो, टाळ तेच, ठेका तोच, आणि कुणालाही वेगळं वाटत नाही. पंढरपूरचा विठोबा दोन्ही भाषांना सारखाच आपला. भाषेवरून बाहेर काय चालतं ते चालू दे.

पण या भजनानं मला ज्या एका गोष्टीत वैताग आणला, ती सांगतो. ते संपत नाही.

भजन आठला, असं ठरतं. आठला देवळात पुजारी असतो आणि सतरंजी असते. नऊला माणसं जमतात. मग चक्री भजन, म्हणजे प्रत्येकानं पाळीपाळीनं एक अभंग म्हणायचा. ओळीत पंधराजण असले की पंधरा अभंग, आणि ज्याचा गळा बरा त्याला "आणिक एक म्हणा की ओ" असा आग्रह. गौळण व्हायची त्या वेळेला अजून निम्मी ओळ शिल्लक असते. मी एक खूण शिकलो होतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्यानंच तो भारदस्त नाद येतो. पखवाजी नखानं ती कणीक खरवडायला लागला की समजायचं, भैरवी झाली, आता आरती. कितीदा तरी असं झालं, की त्याचा हात कणकेकडं गेला, मी टाळ आवरला, आणि त्यानं कणीक काढायच्या ऐवजी बोट ओलं करून परत नीट बसवली. म्हणजे आणखी तासभर.

"मग मधेच उठायचं की, कोण अडवतंय?" असं म्हणणारे आहेत. अडवत कुणी नाही. पण ओळीतून टाळ ठेवून उठलात की समोरच्या दहा नजरा वर होतात, आणि सकाळी डेअरीवर दुधाची कॅन ठेवताना विचारणा ठरलेली, "काल लवकर गेलासा?" हे लवकर म्हणजे साडेअकरा. घरी आई जागी, आतून कडी लावलेली, ती उघडायला बायको झोपेतून उठणार. पहाटे पाचला धार काढायची, सातला भट्टीपुढं. लोखंडाचा रस ओतताना डोळ्यांवर झापड असली तर सुपरवायझर बाजूला उभं करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

तेव्हापासून कुठल्याही साधनेबद्दल मी पहिला प्रश्न एकच विचारतो. बसायची वेळ सगळे सांगतात, ब्राह्ममुहूर्तापासून सांगतात. बसल्या जागेवरून उठून घरी जायची वेळ काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात जेवणाला, झोपेला आणि जागण्यालासुद्धा माप सांगितलेलं आहे, आणि तो अध्याय आमच्याच मंडळातले बुवा फार गोड सांगतात. रात्री बारा वाजता.

कुणी मला पंत महाराजांचा दाखला देतं. बाळेकुंद्रीचे पंत (1855–1905) बेळगावात शिक्षक होते, मोठं कुटुंब सांभाळून त्यांनी पदं रचली, भजन केलं, मग तुम्हाला काय झालं? दाखला खरा आहे आणि मला तो फार जवळचाही आहे. संसार न सोडता इतकं करता येतं हे आपल्या जिल्ह्यातल्याच माणसानं दाखवलं. फक्त त्यांच्या शाळेत सकाळी सातला भट्टी पेटत नव्हती, एवढं माझ्या बाजूनं म्हणू द्या.

आता मौनाचं शिबिर. मी विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल बोलतोय. उठायच्या वेळेच्या कसोटीला ते पैकीच्या पैकी उतरतं. पहाटे चारला घंटा, रात्री नऊला दिवस संपला, साडेनऊला दिवे बंद. फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. नऊ दिवस कुणाशी बोलायचं नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा. शिस्त अशी, की पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, तोही बदलायचा नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ते अवघड गेलं, पण त्यानंतर घरात माझा आवाज थोडा खाली आला, असं घरच्यांचं म्हणणं आहे. मी ते मोजलेलं नाही.

मग अडलं कुठं? एक तर सलग रजा. घरात म्हातारं माणूस असताना दहा दिवस फोनशिवाय राहणं जिवावर येतं. अडचणीला घरचे केंद्राच्या ऑफिसात फोन करू शकतात हे खरं, पण मन तिकडंच. दुसरं असं, की शिबिरापुरता जप, पूजा, उपास सगळं बाजूला ठेवायला सांगतात. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, दोन पद्धती मिसळल्या तर काय कशानं झालं ते कळत नाही. तरी ज्याची एकादशी कधी चुकलेली नाही अशा माळकऱ्यानं हे आधी मनाशी ठरवून जावं. खरी परीक्षा तर परतल्यावर. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास रोज बसावं, अशी शिफारस आहे. आमच्या घरात एक सोपा, म्हणजे पुढची खोली, आणि एक स्वयंपाकघर. मिक्सर, रेडकू आणि पोरीचे ऑनलाइन क्लास यांतून तो तास शोधायचा. नाही बसलो तर विचारायला कोणी येत नाही. एकट्याची शिस्त इथंच पातळ होते, निदान माझी झाली. ज्याला स्वतंत्र खोली आहे आणि स्वतःलाच जाब विचारायची सवय आहे, त्यानं हेच धरावं, मी आड येणार नाही.

पायी वारीचं दोन ओळींत सांगतो. माउलींच्या पालखीसोहळ्याचे अश्व आमच्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून जातात, याचा इकडच्या माणसाला अभिमान आहे. पण आषाढीची वारी ऐन भाताच्या कामात पडते. धूळवाफ पेरलेल्या भाताची कोळपणी-भांगलण, खानापूरकडं रोप लावण, आणि घरचा गडी पंढरीच्या वाटेवर. जमणाऱ्यानं जावं. न जमणाऱ्यानं माघीचा विचार करावा, तेव्हा सुगी उरकलेली असते.

राहिला संध्याकाळचा हरिपाठ. आमच्याकडं साडेसहाला सुरू होतो, सव्वासातला लोक घरी. हे वेळेत संपतं याला आमची शिस्त कारण नाही, हरिपाठाची बांधणी कारण आहे. ज्ञानदेवांचे 27 अभंग, कुठं 28 धरतात, ते संपले की संपलं. कितीही रंगात आलेला माणूस अठ्ठाविसाव्यापुढं नवा अभंग घुसडू शकत नाही. कणकेकडं बघत बसायला नको. आईची रात्रीची गोळी चुकत नाही, पोरीच्या अभ्यासाच्या वेळी बाप घरात असतो, आणि पुन्हा रोजच्या रोज. एखादा दिवस गेलो नाही तर कोणीतरी दारावरून हाक मारतंच, "बरं हाय न्हवं?" एकट्याच्या ध्यानात जे मिळत नाही ते हे.

उणं काय, तेही सांगायला पाहिजे. रंग कमी. म्हातारी मंडळी कधी अशी पळवतात, की बेळगाव-मिरज पॅसेंजर मागं पडावी. पोरं प्रसादाच्या खोबऱ्या-साखरेवर डोळा ठेवून उभी. काही दिवस तर तोंड म्हणत असतं आणि मन फाउंड्रीतल्या रिजेक्शनवर असतं. ज्याला पहिल्या महिन्यातच काहीतरी अनुभव यायला हवा आहे, त्याला हरिपाठ फिका वाटेल.

ही उणीव मी वर्षातून एकदा भरून काढतो, गावच्या सप्ताहात. त्यासाठी रजा राखून ठेवलेली असते. काकडा, पारायण, प्रवचन, कीर्तन, जागर सगळं तुडुंब. पण मला त्यात सगळ्यात आवडतो तो वीणेचा पहारा. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पाहिजे. देवळाच्या भिंतीवर यादी लागते, कुणाचा पहारा किती ते किती. रात्री दोनला तुम्ही पोचता, आधीचा माणूस नाम घेत उभा असतो, नाम न थांबवता वीणा तुमच्या गळ्यात घालतो, एकमेकांच्या पायाला हात लागतात, आणि तो मोकळा. चारला दुसरा येऊन तुम्हाला मोकळं करणार. समजा तो आला नाही, तर तुम्ही उभे. म्हणून तो येतो, पावसात सायकल ढकलत का होईना, येतोच. सप्ताहातल्या इतक्या भरात असलेलं हे काम, पण उठायची वेळ इथंही लिहून ठेवलेली, आणि ती पाळायची जबाबदारी पुढच्या माणसाच्या अंगावर.

सेकंड शिफ्टवाले विचारतील, आम्ही काय करायचं? तुमची अडचण खरी आहे, संध्याकाळ तुमच्या हातात नाही. माझ्याबरोबर काम करणारा एक लिंगायत मित्र सकाळी चहाच्या आधी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतो. त्याला ना मंडळ लागतं, ना देऊळ, ना पखवाजी. तुम्ही तोच हरिपाठ सकाळी घरी म्हणा, अंघोळ झाल्या झाल्या. सोबत मिळणार नाही, बाकी काही अडत नाही.

आणि रात्रीच्या भजनाकडंच मन ओढत असेल तर जा, फक्त नाव द्यायच्या आधी एकदा मागं, दाराजवळ बसून बघा. ते किती वाजता उठतात आणि दहाला उठणाऱ्याकडं कसं बघतात, एवढं कळलं तरी पुरे. तालुक्यात काही मंडळं दहाच्या ठोक्याला आरती करतात असं ऐकतो. तुमच्या गावात तसं असेल तर माझं अर्धं म्हणणं तुम्हाला लागू नाही.