ऑटोजायरो की हेलिकॉप्टर? प्रात्यक्षिकांची हौस असलेल्या बडोदेकरांसाठी

उडायला शिकून पुढेमागे एअर शोमध्ये प्रात्यक्षिकं करायची असं मनात असेल, तर आधी एवढंच बघा: डोक्यावरचा रोटर, म्हणजे ती मोठी पाती, फिरवतं कोण?

हेलिकॉप्टरमध्ये तो इंजिन फिरवतं. म्हणून ते जागच्या जागी तरंगतं, मागे सरकतं, सरळ वर चढतं. हवाई दलाच्या ‘सारंग’ या प्रात्यक्षिक पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. ऑटोजायरोत इंजिन फक्त प्रॉपेलर फिरवून यान पुढे ढकलतं. रोटर खालून वर येणाऱ्या हवेवर आपसूक फिरत राहतो. सुरुवातीची यानं कलंडायची, कारण पुढे जाणाऱ्या पात्याला उचल जास्त आणि मागे येणाऱ्याला कमी. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी पात्यांना बिजागऱ्या दिल्या आणि १९२३ मध्ये ते जमवलं.

प्रात्यक्षिकात ऑटोजायरोची खरी मजा संथपणात आहे. समोरून चांगला वारा असला की वेग कमी करत नेलेलं यान खालून बघणाऱ्याला चक्क थांबलेलं दिसतं. मग वैमानिक इंजिन मंद करतो आणि ते जवळजवळ उभं खाली येऊ लागतं. उंची हातात असतानाच नाक खाली करून वेग धरायचा, जमिनीजवळ स्टिक अलगद मागे घ्यायची. चाकं टेकली की यान काही मीटरांत थांबतं. हे बघताना मला अजूनही टाळी आवरत नाही.

पण लूप (हवेत उभं वर्तुळ काढणं), उलटं उडणं, झपकन नाक खाली घालणं सक्त वर्ज्य. रोटरवरचा भार गेला की पाती मंदावतात, आणि ती पुन्हा वेग धरतीलच असं नाही. रॉबिन्सन आर२२ सारख्या दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरलाही भार काढणं जीवघेणंच. कोलांट्याच मारायच्या असतील तर दोन्ही सोडा, कसरतींचं विमान शिका.

इंजिन बंद पडलं तर? ऑटोजायरोचा रोटर आधीपासूनच हवेवर फिरतोय. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताचा दांडा तत्काळ खाली न्यावा लागतो, तिथे उशीर परवडत नाही. देखभालीतही ऑटोजायरोच हलका. अनेक ऑटोजायरोंमधलं रोटॅक्स ९१२ चं शंभर अश्वशक्तीचं इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालू शकतं, हेलिकॉप्टरसारखी शेपटीच्या रोटरची भानगड नाही.

आपल्याकडच्या दोन अडचणी लक्षात ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ होते, ऑटोजायरोला धावपट्टी जास्त लागते. आणि उत्तरायणाच्या दिवसांत शहराजवळ कमी उंचीवर उडायचा विचारही नको. उघड्या कॉकपिटमध्ये मांजा थेट गळ्याशी येतो.

मला विचाराल तर हौशी माणसानं ऑटोजायरोच घ्यावा. ब्रिटनचे केन वॉलिस ऐंशी उलटल्यावरही त्यावर वेगाचे विक्रम करत होते. जागच्या जागी तरंगल्याशिवाय समाधान होणार नसेल, तर मात्र खर्च सोसून हेलिकॉप्टर शिका. पैसे भरण्याआधी दोन आसनी ऑटोजायरोत प्रशिक्षकाबरोबर बसा, उंचीवर इंजिन मंद ठेवून जवळजवळ उभं खाली येऊन दाखवायला सांगा, आणि परवान्याबद्दल डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे) चालू नियम स्वतः वाचा.